वाचकांचे प्रश्न : बागेतील सफरचंदाचे नाव कसे शोधावे?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुने घर विकत घेतले. मागच्या बागेत सफरचंदाचे एक म्हातारे झाड आहे. त्याची उंची साधारण पंधरा फूट आहे, खोड एका बाजूने पोकळ झाले आहे आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक फुगीर गाठ आहे. त्या गाठीखालून दरवर्षी सरळसोट फुटवे येतात. फळे हंगामाच्या अगदी शेवटी तयार होतात. पिवळसर हिरव्या सालीवर तांबड्या रेघा असतात. झाडावरून काढून लगेच खाल्ली तर दात आंबतात, पण महिनाभर ठेवली की चांगली गोड होतात आणि साल हाताला थोडी तेलकट लागते. प्रत्येक फळात सात-आठ टपोऱ्या बिया निघतात. एका फांदीवरची फळे मात्र इतरांपेक्षा बरीच लाल असतात. आधीच्या मालकांना या झाडाचे नाव ठाऊक नव्हते. मोबाइलवरील तीन ॲपना छायाचित्रे दाखवली, तेव्हा एकाने गाला, दुसऱ्याने फुजी आणि तिसऱ्याने जोनागोल्ड असे नाव सांगितले. झाड फार वर्षे तग धरेल असे वाटत नाही. त्याचे खरे नाव कसे कळेल? सोबत तीन छायाचित्रे पाठवत आहे.

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांपेक्षा तुमच्या पत्रातील निरीक्षणे कितीतरी मोलाची आहेत. केवळ छायाचित्रांवरून मी नाव सांगणार नाही, कारण पिवळ्या सालीवर तांबड्या रेघा असलेली शेकडो वाणे जगात आहेत आणि त्यांतील पुष्कळशी छायाचित्रात सारखीच दिसतात. ॲपची अडचणही हीच आहे. ते रंग आणि बाह्य आकार पाहून बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या वाणांपैकी जवळचे नाव सुचवतात. मात्र तुमच्या निरीक्षणांच्या आधारे ती तिन्ही नावे तपासून पाहता येतात, आणि ते करून पाहिले म्हणजे ओळख पटवण्याची रीतही लक्षात येईल.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेला गाला हा वाण हंगामात बराच लवकर पिकतो आणि झाडावरच गोड होतो, त्यामुळे शेवटी पिकणारे व दात आंबवणारे तुमचे फळ गाला असण्याची शक्यता जवळजवळ नाही. जपानमधील फुजी उशिरा पिकतो खरा, परंतु त्यात आंबटपणा मुळातच कमी असतो. जोनागोल्ड मात्र थोडा थांबून विचार करण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील संशोधन केंद्रात 1943 मध्ये गोल्डन डिलिशस आणि जोनाथन यांच्या संकरातून तो निर्माण झाला आणि 1968 मध्ये लागवडीसाठी देण्यात आला. त्याच्या पिवळ्या सालीवर तांबड्या छटा असतात आणि ठेवल्यावर त्याची सालही तेलकट होते, म्हणून तो अंदाज अगदीच निराधार नव्हता. परंतु सफरचंदाच्या सामान्य झाडांत गुणसूत्रांच्या 17 जोड्या, म्हणजे एकूण 34 गुणसूत्रे असतात, तर जोनागोल्डसारख्या त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या वाणात ती 51 असतात. अशा झाडांत बीज धरण्याची क्रिया नीट होत नाही, त्यामुळे त्यांच्या फळांत चांगल्या भरलेल्या बिया थोड्याच सापडतात आणि बाकीच्या चपट्या, पोचट राहतात. तुमच्या प्रत्येक फळात सात-आठ टपोऱ्या बिया आहेत. एवढ्या एका गोष्टीने जोनागोल्डच नव्हे, तर ब्रॅम्ले, ग्राव्हेनस्टाइन, म्युत्सू असे सगळेच त्रिगुणित वाण मी यादीच्या तळाशी ढकलीन.

नावाच्या शोधात सर्वांत आधी विचारायचा प्रश्न निराळाच आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. झाड कलमी आहे की बीपासून उगवलेले? सफरचंदाच्या फुलाला बहुधा स्वतःचा किंवा स्वतःच्याच वाणाचा पराग चालत नाही, दुसऱ्या वाणाचा लागतो. त्यामुळे प्रत्येक बी हा एक नवा संकर असतो आणि बीचे झाड आईसारखे फळ देत नाही. जे वाण नावाने ओळखले जाते, ते कलमानेच एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले असते. तुमच्या खोडावरची वीतभर उंचीची गाठ हा कलमाचा जोड दिसतो. म्हणजे कोणीतरी हे वाण मुद्दाम निवडून वाढवले होते, आणि त्याला नाव असण्याची शक्यता चांगली आहे.

तरीही एक खातरजमा जरूर करा. फळे धरणाऱ्या फांद्या गाठीच्या वरून निघाल्या आहेत ना, हे खाली बसून नीट पाहा. कधी कधी वरचे कलम थंडीने किंवा रोगाने मरते, खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलेले असते त्याचा, एखादा फुटवा जोमाने वाढून खोडासारखा होतो, आणि घरातली माणसे खुंटाचीच फळे वर्षानुवर्षे खात राहतात. सफरचंदाच्या खुंटांचेही स्वतःचे वाण असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपभर एकाच नावाखाली वेगवेगळे खुंट विकले जात होते. इंग्लंडमधील केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्राने ते वेगवेगळे करून त्यांना क्रमांक दिले. आज प्रचलित असलेले एम 9, एम 26 हे खुंट त्याच केंद्राचे आहेत. गाठीखालच्या फुटव्यांची पाने आणि वरच्या फांद्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहा. आकार, कडेचे दाते, खालच्या बाजूची लव यांत फरक दिसला, तर वरचे झाड खुंटाहून वेगळे आहे अशी खात्री बाळगा. ते फुटवे मुळापाशी खणून ओढून काढत चला, नुसते छाटले तर पुन्हा दुपटीने येतात.

आता फळांकडे वळू. ओळख पटवण्यासाठी एक-दोन फळे कधीच पुरत नाहीत, निदान दहा तरी घ्यावीत. ती झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंनी घ्यावीत, उन्हातली आणि सावलीतली दोन्ही, मध्यम आकाराची, देठासकट आणि न पुसलेली, कारण सालीवरचा पांढुरका लेप हेसुद्धा लक्षण आहे. खाली पडलेली, किडकी किंवा अवाढव्य वाढलेली फळे वगळावीत. आणखी एक गोष्ट आहे, जी मी अनुभवातून शिकलो. सफरचंदाची फुले घोसात येतात आणि घोसाच्या मधले फूल सर्वांत आधी उमलते. त्याचे फळ बहुधा मोठे होते, त्याचा देठ आखूड व जाड असतो आणि आकारही इतरांहून निराळा असतो. एका वर्षी मी अशी तीन मधली फळे हातात धरून एका झाडाचे नाव छातीठोकपणे सांगितले होते. पुढच्या वर्षी त्याच झाडाची बाजूची फळे पाहिली, तेव्हा देठ लांब व सडपातळ निघाला आणि नाव मागे घ्यावे लागले. तेव्हापासून दहाच्या दहा फळे टेबलावर एका ओळीत मांडल्याशिवाय मी वहीत एक अक्षरही लिहीत नाही.

फळे मांडली की नजर आपोआप रंगावर जाते, पण रंगावर विसंबू नका. तांबडा रंग ऊन, थंड रात्री आणि खताचे प्रमाण यांनुसार दरवर्षी बदलतो, आणि आकारमान झाडावर फळे किती धरली यावर अवलंबून असते. त्यापेक्षा घडणीकडे पाहा. व्हर्निअर कॅलिपरने उंची आणि रुंदी मोजा. फळ चपटे, गोल की उंच, हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा त्या दोन आकड्यांवरून ठरवणे अधिक भरवशाचे असते. मग फळ देठाकडून पाहा. देठ जिथे शिरतो ती खळगी खोल आहे की उथळ, अरुंद आहे की पसरट, देठ खळगीच्या वर येतो की आत बुडून राहतो, आणि खळगीत बदामी रंगाचा खरबरीत थर आहे का? हा थर अनेक वाणांत अगदी ठरावीक रीतीने पसरतो. काहींत तो खळगीतच थांबतो, काहींत किरणांसारखा खांद्यावर उतरतो, तर काहींत अख्खी साल व्यापतो. अंगठा हलकेच फिरवला तर तो डोळ्यांआधी बोटाला कळतो.

नंतर फळ उलटे करा. देठाच्या विरुद्ध टोकाला फुलाचे वाळलेले अवशेष असतात, त्याला आपण येथे फुलटोक म्हणू. त्यावरची पाच निदले, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखालची छोटी पाने, घट्ट मिटलेली आहेत, अर्धवट उघडी आहेत, की ताऱ्यासारखी मागे वळली आहेत? फुलटोकाभोवतीची कड गुळगुळीत आहे, की तिच्यावर पाच उंचवटे मुकुटासारखे उठून दिसतात? हे उंचवटे फळाच्या अंगावरून देठापर्यंत कंगोऱ्यांसारखे जाणवतात का? या लक्षणांत वर्षागणिक फारसा फरक पडत नाही, म्हणून अनुभवी माणूस रंगाआधी ती पाहतो.

पण खरी साक्ष फळाच्या आत असते. धारदार सुरी देठाच्या मधोमध ठेवून फुलटोकाच्या बरोबर मध्यातून फळ उभे कापा. सुरी जराशी तिरकी गेली तरी हवे ते दिसत नाही, म्हणून चार-पाच फळे कापायची तयारी ठेवा. फुलटोकाच्या खाली गरात उतरणारी एक छोटी पोकळ नळी दिसेल. ती काही वाणांत रुंद तोंडाच्या सुळक्यासारखी असते आणि काहींत नरसाळ्यासारखी, वर पसरट व खाली बारीक होत गाभ्याकडे जाणारी. या नळीच्या आतल्या भिंतीला वाळलेल्या पुंकेसरांचे केसासारखे काळपट धागे चिकटलेले असतात. ते नळीच्या तोंडाशी आहेत, मध्यावर आहेत की तळाशी, हे भिंगातून पाहा. रॉबर्ट हॉग या ब्रिटिश फलतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात सफरचंदांचे वर्गीकरण करताना नळीचा आकार आणि पुंकेसरांची जागा यांना महत्त्वाचे स्थान दिले, आणि आजही ही दोन लक्षणे शेकडो वाणांची यादी डझनभरावर आणून ठेवतात. दुसरे फळ आडवे कापा. बियांचे पाच कप्पे मध्यभागी एकमेकांत उघडतात की प्रत्येक कप्पा बंद असतो, हेही टिपून ठेवा. गराचा रंग पांढरा, मलईसारखा की हिरवट, आणि कापलेला भाग किती वेळात तपकिरी पडतो, याचीही नोंद उपयोगी पडते.

ही सारी निरीक्षणे फळ झाडावर पूर्ण तयार झाल्यावरच करायची असतात. फळ तळहातावर घेऊन किंचित वर उचलत फिरवले असता देठ सहज सुटून आला, तर ते तयार झाले आहे असे समजावे. शंका असल्यास कापलेल्या अर्ध्या फळावर आयोडीनचे पातळ द्रावण लावा. जिथे स्टार्च शिल्लक असतो तो भाग निळसर काळा होतो. पिकताना स्टार्चची साखर गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने होत जाते, त्यामुळे तयार फळात मधला भाग स्वच्छ आणि सालीलगतची कड काळी दिसते. आयोडीन लावलेले फळ मात्र खाऊ नये. नंतर पाच-सहा फळे थंड जागी ठेवून दर आठवड्याला एक चाखा आणि चव, कुरकुरीतपणा व सालीचा तेलकटपणा तारखेसह लिहा. महिनाभरात गोडी येणे हे तुमच्या फळाचे ठळक लक्षण आहे. उशिरा पिकणाऱ्या टिकाऊ वाणांचा तो गट झाला. वसंतात फुले कधी उमलली, कळीचा गुलाबी रंग किती गडद होता, हेही त्याच वहीत असावे.

अशी वही तयार झाली की मग तुलना. सफरचंदांच्या जुन्या वर्णनकोशांत वर सांगितलेली लक्षणे बारकाईने दिलेली असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने फळांची सात हजारांहून अधिक जलरंगचित्रे काढून घेतली होती. त्यांतील निम्म्याच्या आसपास सफरचंदांची आहेत आणि ती सर्वांना पाहण्यासाठी खुली आहेत. परंतु चित्र आणि वर्णन यांनी फक्त संशयितांची यादी होते. निकाल लागतो तो खात्रीच्या झाडाचे फळ शेजारी ठेवून कापल्यावर. इंग्लंडमधील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात दोन हजारांहून अधिक सफरचंद वाणे आहेत, जिनिव्हातही असाच मोठा संग्रह आहे, आणि त्यांच्या नोंदी तुलनेसाठी फार उपयोगी पडतात. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी स्वतः एका रोपवाटिकेतून नाव सांगून आणलेले झाड सहा वर्षांनी फळाला आले, तेव्हा फळ दुसऱ्याच वाणाचे होते. मोठ्या संस्थांच्या कागदांतही चुका सापडतात. मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये दिलेल्या हनीक्रिस्प या वाणाचे आईबाप मॅकून आणि हनीगोल्ड असल्याची नोंद होती. डीएनए तपासणीत ते दोघेही पालक नसल्याचे आढळले आणि कीपसेक हा खरा पालक ठरला.

डीएनए तपासणी तुमच्याही उपयोगाची आहे. त्यासाठी फळ लागत नाही, गाठीच्या वरच्या फांदीची दोन-तीन कोवळी निरोगी पाने पुरतात. ती ओलसर पिशवीत कुजू न देता सिलिका जेलसोबत वाळवून पाठवावीत. प्रयोगशाळा त्या पानांचा ठसा आपल्याकडील ज्ञात वाणांच्या ठशांशी ताडून पाहते. या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. त्या संग्रहात तुमचे वाण नसेल, तर उत्तर ‘जुळत नाही’ एवढेच येईल. आणि एकाच वाणात फांदीवर अचानक घडलेला बदल या तपासणीत सहसा दिसत नाही. तुमची ती अधिक लाल फांदी असा बदल असू शकते. गाला आणि रेड डिलिशस यांची कितीतरी अधिक लाल रूपे अशाच एखाद्या फांदीवरून वाढवलेली आहेत. आधी ती फांदी इतरांपेक्षा जास्त उन्हात आहे का, हे पाहा. तसे नसेल आणि लाली दरवर्षी टिकत असेल, तर तिची कलमे वेगळी करून ठेवावीत. त्या फांदीच्या बुडाशी कलमाचा जुना जोड दिसला, तर मात्र एकाच झाडावर कोणीतरी दोन वाणे बांधली होती असे समजावे आणि दोन्हींची पाने स्वतंत्र पाठवावीत.

आता सर्वांत तातडीची गोष्ट सांगतो आणि ती मनापासून सांगतो. नाव सापडेपर्यंत थांबू नका. खोड पोकळ झाले आहे, एखाद्या वादळात झाड गेले तर वहीतल्या नोंदींचा काहीही उपयोग राहणार नाही. येत्या हिवाळ्यात झाड पूर्ण सुप्त असताना मागच्या वर्षीच्या वाढीच्या पेन्सिलएवढ्या जाड, निरोगी काड्या कापा. त्या ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, पण त्याच फ्रीजमध्ये पिकणारी फळे ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने काड्यांवरचे डोळे मरतात. वसंतात खुंटाचे डोळे फुगू लागले की पाचर कलम किंवा जीभ कलम बांधावे. एकाच कलमावर भिस्त न ठेवता निदान चार बांधा, आणि त्यांतील एक-दोन दुसऱ्याच्या बागेत लावायला द्या.

प्रश्न : आमच्या कुंपणालगत सफरचंदाचे झाड आपोआप उगवले. त्याला खोडावर कुठेच गाठ नाही. फळ सुरेख आहे. त्याचे नाव कोणत्या यादीत मिळेल?

उत्तर : बहुधा कोणत्याच यादीत मिळणार नाही, कारण टाकलेल्या बीपासून उगवलेले झाड जगात एकमेव असते. गाठ नसणे हा मात्र पक्का पुरावा मानू नका, जुन्या झाडांचा जोड कधी मातीखाली गाडला जातो. बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरून पाहा. ते खरोखर बीचेच निघाले, तर निराश होण्याचे काही कारण नाही. ब्रॅम्ले हे इंग्लंडचे प्रसिद्ध सफरचंद साउथवेल गावात 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बीपासून आले, आणि ग्रॅनी स्मिथ हे 1868 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून. दोन-तीन हंगाम फळाची चव, टिकाऊपणा आणि झाडाचा रोगप्रतिकार पाहा. ते तुम्हाला पसंत असेल तर त्याची कलमे करा आणि त्याला स्वतः नाव द्या. ते नाव आधीच दुसऱ्या वाणाला दिलेले नाही, एवढे पाहून घ्या, नाहीतर पुढे कोणीतरी याच गोंधळात पडेल.

प्रश्न : बऱ्याच प्रयत्नांनी आमच्या तीन झाडांची नावे निश्चित झाली. ती पुन्हा विसरली जाऊ नयेत म्हणून काय करावे?

उत्तर : प्लास्टिकच्या पट्टीवर शाईने लिहिलेले नाव उन्हात दोन-तीन वर्षांत पुसून जाते. मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेनने दाबून लिहावे, म्हणजे शाई गेली तरी अक्षरांचा ठसा राहतो. पट्टी तारेने फांदीला बांधताना तारेचा फास सैल ठेवा आणि दरवर्षी तो तपासा, कारण फांदी जाड होत गेली की घट्ट तार सालीत रुतून फांदी मारते. पट्टीवर नावाखाली खुंट आणि कलमाचे वर्ष लिहा. याशिवाय घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक झाडापर्यंतचे अंतर दाखवणारा बागेचा साधा नकाशा काढा आणि त्याची एक प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा, म्हणजे घर दुसऱ्याच्या हाती गेले तरी झाडांची नावे त्याच्यापर्यंत पोहोचतील.